सेल ३.८४ व्होल्ट दाखवतो, तरी डोक्यावरची बॅटरी मध्येच विझते. असं का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं घर वाघोटन खाडीच्या काठाला. अमावास्येच्या उधाणात रात्री ओहोटी लागली की मी आणि चुलतभाऊ कांदळवनाच्या कडेने कुर्ल्या (खेकडे) पकडायला जातो. डोक्याला पट्ट्याची बॅटरी असते. (आमच्याकडे बॅटरी म्हणजे विजेरी आणि आत असतो तो सेल. गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो.) आत एकच १८६५० सेल आहे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, लिथियमचा), चार वर्षं जुना.

गेल्या अमावास्येला निघण्याआधी सेल काढून मीटर लावला. ३.८४ व्होल्ट. फुल असला की ४.२ दाखवतो, ३ ला संपला असं धरतात. म्हणजे १.२ पैकी ०.८४ शिल्लक, सत्तर टक्के. दोन तास आरामात जातील असा हिशोब करून निघालो. त्यात निघायलाही उशीर झालेला.

अर्धा तासही झाला नसेल, बॅटरी भक्क पेटलेली असताना एकदम गेली. मंद झाली नाही की लुकलुकली नाही. बटण दाबलं, लागली, मिनिटभरात परत गेली. थोडं थांबून दाबलं की पुन्हा मिनिटभर. गुडघाभर चिखलात उभा होतो आणि पाणी फिरलं होतं, भरती लागली होती, मुळांमधून बुडबुडे यायला लागले होते. भावाच्या उजेडाच्या मागे मागे बाहेर आलो.

घरी येऊन सेल मापला तर ३.६६! संपलेला नाहीच. मग बॅटरी का विझली? मीटर खोटं की सेल खोटा?

कातळसडा

मीटरचा स्वतःचा सेल बदलून बघा. तो उतरला की काही स्वस्तातले मीटर जास्त आकडा दाखवतात. माझ्याकडे झालंय.

समईवात

रत्नागिरीत माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, अशा डोक्यावरच्या बॅटऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर ढिगाने येतात. कातळसडा म्हणतात ते करून बघाच, पण मला वाटतं तुमचं मीटर खरं बोलतंय आणि सेलही खरं बोलतोय. तुम्ही प्रश्न चुकीच्या वेळी विचारलात. सेल आराम करत असताना विचारलात.

दोन गोष्टी आहेत, एकेक करून लिहिते.

पहिली तुमच्या सत्तर टक्क्यांची. ४.२ पासून ३ पर्यंत व्होल्टेज सारख्या उताराने खाली येत नाही. सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) खाडीकडे उतरणारी वाट डोळ्यासमोर आणा. सुरुवातीला छोटा उतार, मग लांबच लांब जवळजवळ सपाट सडा आणि शेवटी कडा. लिथियम आयन सेल तसाच उतरतो. ४.२ वरून ४.० ला लवकर येतो. पुढे ३.९ ते ३.६ च्या दरम्यान आयुष्याचा मोठा भाग काढतो. ३.५ च्या खाली गेला की कड्यावरून ढकलल्यासारखा पडतो. त्यामुळे व्होल्टचा त्रैराशिक हिशोब इथे चालत नाही. निवांत पडलेल्या सेलला ४.० असेल तर साधारण चार पंचमांश शिल्लक धरा, ३.७ ते ३.७५ असेल तर निम्म्याच्या आसपास किंवा थोडं कमी, ३.६ ला पाव-पंचमांश, ३.५ ला दशांश. कंपनीनुसार आणि आतल्या रसायनानुसार हे थोडं मागेपुढे होतं. तुमचा ३.८४ म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास होता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सेलच्या आत त्याचा स्वतःचा रोध असतो. करंट वाहायला लागला की त्या रोधात काही व्होल्ट जिरतात, बाहेर तेवढे कमी मिळतात. किती कमी, तर करंट गुणिले रोध. बटण बंद केलं की करंट थांबतो आणि सेल परत वर येतो. म्हणून तर थोडं थांबून दाबलं की मिनिटभर लागत होती! हे लक्षण तुम्ही अगदी बरोबर टिपलंत. बॅटरीच्या सर्किटला २.८ च्या आसपास व्होल्टेज दिसलं की ते सेल वाचवण्यासाठी बंद पडतं. तुमच्या सर्किटला २.८ दिसत होतं आणि घरी मीटरला ३.६६ दिसलं. मधले ०.८६ व्होल्ट कुठे गेले, ते शोधायचंय.

बॅटरी पेटलेली असताना तीन ठिकाणी मापा. सेलच्या दोन टोकांवर, मग सर्किटमध्ये तारा जिथे शिरतात तिथे आणि करंट. करंट मापताना लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला आणि मीटर सेल व बॅटरी यांच्या मध्ये, एकामागोमाग येईल असा जोडा. करंटवर लावलेला मीटर सेलच्या दोन टोकांना कधीही लावू नका. तो सरळ शॉर्ट होतो, वायर हातात वितळते.

मीठवारा

माज्याकडे पण असाच झालला. सेल नवो होतो. नंतर बघलंय तर स्प्रिंगेक हिरवा चढलला. खारो वारो काय सोडता काय? घासून साफ केलंय आणि पेटली.

कातळसडा

@समईवात, एक शंका. आमच्या बॅटरीला चार हिरवे दिवे आहेत चार्ज दाखवायला. चालू केली की तीन लागतात, बंद करून दाबलं की चार. हेच कारण का?

समईवात

हो, हेच. ते दिवे चार्ज मोजत नाहीत, फक्त व्होल्टेज बघतात. चालू असताना खाली आलेलं बघतात, बंद असताना वर आलेलं. सपाट सड्यावर त्यांचा अंदाज हमखास चुकतो. चार दिवे बराच वेळ टिकतात आणि शेवटचे दोन बघता बघता जातात, अशी तक्रार घेऊन लोक येतात. बॅटरी बिघडलेली नसते.

@मीठवारा, तुमचं म्हणणं मी पुढे घेणार आहे, ते फार मोलाचं आहे.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजावर आहे, सध्या घरी हर्णैला. तुमचं वाचताना एक गोष्ट आठवली. आमच्या जहाजावर एक परदेशी सहकारी ई-सिगारेट ओढायचा. त्याच्याकडे दोन होत्या. एकीत सेल ताजा असताना धूर दाट यायचा, मग हळूहळू पातळ व्हायचा आणि तो म्हणायचा की चवही जाते. दुसरी शेवटपर्यंत तशीच चालायची आणि एकदम बंद पडायची. सेल दोघींत तोच, १८६५०. तेव्हा मला कळलं नव्हतं, आज थोडं कळतंय. ताई, बरोबर धरलंय का मी?

समईवात

बरोबर धरलंत, आणि या धाग्यासाठी याहून चांगलं उदाहरण नाही.

पहिल्या प्रकारात मध्ये सर्किटच नसतं. तापणारी तार थेट सेलला. तारेचा रोध ०.५ ओहम धरा. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. ४.२ ला ३५ वॅट, ३.५ ला २४.५ वॅट. व्होल्टेज एक षष्ठांशच उतरलं, पण वर्ग असल्यामुळे उष्णता जवळजवळ एक तृतीयांश कमी झाली. धूर पातळ होणारच. त्यात ४.२ ला ८.४ अँपियर करंट! साध्या सेलमधून एवढा ओढला तर तो तापतो आणि त्याचं व्होल्टेज आणखी खाली बसतं.

दुसऱ्या प्रकारात सर्किट ठरलेली शक्ती देत राहतं. व्होल्टेज उतरलं की तेवढीच शक्ती द्यायला करंट वाढवतं. १० वॅटसाठी ४.२ ला २.४ अँपियर लागतात, ३.३ ला ३. म्हणजे सेल दमत जातो आणि त्याच वेळी त्याच्यावरचं ओझं वाढत जातं. ओझं वाढलं की आतल्या रोधात जास्त व्होल्ट जिरतात, ते गेले की करंट अजून वाढतो. शेवटचा टप्पा म्हणूनच इतका पटकन येतो आणि काही सूचना न देता सगळं बंद.

खाडीकाठ यांची बॅटरी या दुसऱ्या प्रकारची दिसते. शेवटपर्यंत सारखा उजेड देणारी म्हणून ती महाग मिळते. सारखा उजेड ही चांगली गोष्ट आहे, पण चिखलात उभ्या माणसाला ती आधी काही सांगत नाही. जुन्या दोन-तीन सेलच्या विजेऱ्या पिवळ्या पडत जायच्या. त्या पिवळेपणावर आपले आजोबा घरी परतायचे.

(आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. दर्यावर्दी, कोणी तिकडून आणून देतो म्हणाला तरी नको म्हणा. मी फक्त सेलबद्दल बोलतेय. आणि सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कोणीही ठेवू नका, त्याने मांडी भाजते.)

खाडीकाठ

मापलं. मीटरचा सेल आधी नवीन घातला, आकडे बदलले नाहीत. सेल चार्ज करून मुद्दाम परत ३.८४ वर आणला, म्हणजे तुलना होईल. मागचा डबा उघडा ठेवून भावाने बॅटरी धरली, मी प्रोब लावले.

बंद असताना सेल: ३.८४
पेटल्यावर सेलच्या टोकांवर: ३.५२
पेटल्यावर सर्किटच्या तारांवर: ३.०५
करंट: १.६ अँपियर

सेल आणि सर्किट यांच्या मध्ये फक्त एक स्प्रिंग, एक पत्र्याची पट्टी आणि वीतभर तार आहे. एवढ्याशात अर्धा व्होल्ट?

समईवात

इतके नीट आकडे गिऱ्हाइकाकडून मला कधी मिळत नाहीत. आता बघा.

सेलच्या आत गेले ०.३२ व्होल्ट. भागिले १.६, रोध झाला ०.२ ओहम. चांगल्या १८६५० चा ०.०४ ते ०.०६ असतो. सेल म्हातारा झालाय. त्याच्यात चार्ज मावतो पण तो झटकन देता येत नाही, अरुंद तोंडाच्या कळशीसारखं.

वाटेत गेले ०.४७ व्होल्ट. भागिले १.६, जवळजवळ ०.३ ओहम. म्हणजे सेलपेक्षा वाट वाईट! मीठवारा यांनी एका ओळीत सांगितलं ते हेच.

आता त्या रात्रीचं गणित. दोन्ही रोध मिळून ०.४९ ओहम. तुमचं सर्किट १.६ गुणिले ३.०५, म्हणजे ४.९ वॅट घेतंय. सेल उतरत निवांत ३.६५ च्या पातळीला आला तेव्हा तेवढेच वॅट मिळवायला सर्किटने १.७५ अँपियर ओढले. १.७५ गुणिले ०.४९ म्हणजे ०.८६. ३.६५ मधून वजा करा, उरले २.७९. सर्किटची मर्यादा ओलांडली, बॅटरी बंद. घरी आल्यावर मीटरने ३.६६ दाखवलं, तेही जुळतं. कोणीच खोटं बोललं नव्हतं.

आता स्प्रिंग काढून जवळून बघा आणि काय दिसतं ते लिहा.

खाडीकाठ

भिंग लावून बघितलं. वरून स्प्रिंग बरी दिसते, थोडी काळपट. पण जिथे तिचं खालचं वेटोळं पट्टीला टेकतं तिथे निळसर हिरवी पूड आहे, नखाने निघते. पट्टीवरचा चकचकीत मुलामा तेवढ्या जागी सुटून खाली तांबूस धातू दिसतोय. तारेचा डाग (सोल्डरचा सांधा) वरून धड आहे, पण तार हलवली की तोही हलतो. पट्टीच्या आतल्या बाजूला मिठाचे बारीक कण चिकटलेत, जिभेला लावले नाहीत पण ओळखू येतात.

पॉलिश पेपर मारू का?

कातळसडा

तोवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून स्प्रिंगखाली घाला. आम्ही रेडिओला तेच करायचो.

समईवात

रेडिओ अगदी थोडा करंट घेतो, तिथे चालून जायचं. इथे दीड अँपियर आहे आणि सेल लिथियमचा. चांदीचा कागद सरकून सेलच्या बाजूच्या पत्र्याला लागला तर वरच्या टोकाशी शॉर्ट होऊ शकतो, कारण या सेलचं अख्खं अंग ऋण असतं, फक्त वरची टिकली धन. मध्ये असते ती प्लॅस्टिकची पातळ साल. कृपा करून हे कोणी करू नका.

पॉलिश पेपरही नको. मुलामा उरलासुरला निघेल आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येईल. आधी ओल्या फडक्याने, गोड्या पाण्याने मीठ पुसा, कारण मीठ स्पिरिटमध्ये विरघळत नाही. मग स्पिरिटच्या बोळ्याने पाणी काढा आणि उन्हात नाही, सावलीत वाळवा. हिरवं राहिलं असेल ते शाळेतल्या खोडरबराने घासा. हलणारा डाग कावियाने परत लावून घ्या. स्प्रिंगच्या खालच्या वेटोळ्यावरून वरच्या टोकापर्यंत तांब्याची जाडसर मऊ तार डाग देऊन जोडली तर करंटला स्प्रिंगच्या पोलादातून फिरावं लागणार नाही. शेवटी सांध्यावर व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट. डब्याच्या कडेचं रबर बघा, कडक झालं असेल तर तिथूनच खारी हवा आत जाते.

माडाखाली

मी श्रीवर्धनजवळ असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं, त्यानंतर किती तरी दिवस लाईट नव्हती. तेव्हा घरात इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी होती, मी रोज मीटर लावून बघायचो. पंखा चालू असताना ११.९ बघून घाबरायचो, बंद करून तासाने १२.३. आज वाचून समजलं. आता बारा व्होल्टची लिथियम फॉस्फेटची बसवली आहे. ती तर दिवसभर १३.१-१३.२ च दाखवते आणि मग काही कळायच्या आत बंद. ही बिघडली का?

समईवात

बिघडली नाही. त्या जातीच्या सेलचा सडा आपल्या १८६५० पेक्षाही सपाट असतो. एक सेल ३.३ ते ३.२ मध्ये जवळजवळ सगळं आयुष्य काढतो, चार मिळून १३.२ ते १२.८. तिथे व्होल्टेजवरून शिल्लक ओळखणं अवघडच. किती अँपियर-तास आत गेले आणि किती बाहेर आले ते मोजणारा वेगळा मीटर मिळतो, तो बसवा. शिशाच्या बॅटरीत मात्र व्होल्टेज बऱ्यापैकी सांगतं, निवांत असताना १२.७ फुल आणि १२ ला जवळजवळ रिकामी.

दर्यावर्दी

ताई, बाजारात ९९०० लिहिलेले १८६५० मिळतात, स्वस्त. खाडीकाठ यांनी तो घ्यावा का?

समईवात

मुळीच नाही. त्या आकाराच्या सेलमध्ये आज ३५०० मिलिअँपियर-तासांच्या आसपासच चार्ज मावतो. ९९०० छापणारा खोटं बोलतोय आणि जो क्षमतेबद्दल खोटं बोलतो त्याने आत काय भरलंय याचा भरवसा नाही. हातात घेऊन वजन करा, चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. पोकळ हलके सेल मी कापलेलेही बघितलेत, आत नखाएवढा सेल आणि बाकी पांढरी पूड.

आणखी एक, हे मनापासून सांगते. ड्रॉवरमध्ये विसरलेला सेल मापला आणि दीड व्होल्ट आला तर त्याला धक्का देऊन उठवण्याचे व्हिडिओ बघू नका. इतका खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना नको तिथे बसतं, आतल्या आत शॉर्ट करतं. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. उकिरड्यात नको, होळीत तर नकोच. पावसाळ्यानंतर बॅटरी बाजूला ठेवणार असाल तर सेल फुल करून ठेवू नका, ३.७-३.८ वर बाहेर काढून ठेवा.

मीठवारा

ह्या खोडरबराचा माका म्हायत नव्हता. आजच करतंय.

खाडीकाठ

उशीर झाला लिहायला, आंब्याची कामं होती.

मीठ पुसलं, खोडरबर मारलं, डाग परत लावला, स्प्रिंगला तांब्याची तार जोडली. जुनाच सेल, परत ३.८४ वर. पेटल्यावर सेलवर ३.५६, सर्किटवर ३.५१. वाटेत आता फक्त ०.०५ जातात. करंट १.६ वरून १.४ झाला, उजेड तेवढाच! वाट साफ झाली तर करंट वाढेल असं मला वाटत होतं, तो कमी कसा झाला ते ताईंचं दर्यावर्दीला दिलेलं उत्तर परत वाचल्यावर उमजलं.

मग कणकवलीहून नवा सेल आणला, ४७ ग्रॅम भरला. ३.८४ ला आणून मापला. पेटल्यावर सेलवर ३.७७, सर्किटवर ३.७२, करंट १.३. जुना सेल देवघराच्या छोट्या दिव्याला दिला, तिथे करंट नगण्य आहे.

समईवात

उत्तम. नव्या सेलचा रोध ०.०५ आला. त्याच्यावर तारीख आणि हा आकडा मार्करने लिहून ठेवा. दर पावसाळ्याआधी मापा, ०.१ च्या पुढे गेला की खाडीत नेऊ नका. आणि निघताना ४.० च्या खाली असेल तर चार्ज करूनच निघा, चिखलात मीटर काढायला हात कोरडे नसतात.

खाडीकाठ

लिहिला. भावाच्या बॅटरीचीही स्प्रिंग उघडली, तिथेही हिरवं निघालं. त्या रात्री आम्ही जिच्या उजेडात बाहेर आलो तीच ती. तिच्या वाटेत ०.३५ व्होल्ट जात होते.

काल अमावास्या होती. ४.१८ वर निघालो, या वेळी वेळेवर, आणि दोन तासांनी पाणी फिरायच्या आत वर आलो. घरी मापलं तर ३.७४. सात कुर्ल्या मिळाल्या, दोन लहान होत्या त्या सोडल्या. एक सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीत घालून कमरेला बांधला होता, तो लागला नाही.